घंटा कोणीं वाजवावयाची?

२० जुलै २०२३ रोजीं महाराष्ट्रांतील पुष्कळांच्या मोबाइलवर एकाएकीं कर्कश आवाज होऊन दूरसंचार विभागाचा चांचणी-संदेश झळकला. आमच्या घरीं तेव्हां देवपूजा चालू होती. धाकट्या सूनबाई घाबरून बाहेर आल्या. त्या आवाजामागील योजना वाचकांस थोडक्यांत सांगावी, असें आम्हांस वाटतें.

साधा संदेश एकेका क्रमांकास निरनिराळा पाठवावा लागतो. ही सूचना मात्र मनोऱ्यावरून त्या टापूंतील सर्व फोनांस एकदम मिळते, जणूं दवंडीच. परंतु दवंडी पिटणाराच आजारी पडला तर? म्हणून अशा कामीं एका संगणकावर विसंबूं नये. जोडीस दुसरा जागता ठेवावा. पहिला दर कांहीं क्षणांनीं ‘मी आहें’ अशी खूण पाठवितो. ती ठराविक वेळांत आली नाहीं, कीं दुसरा कारभार हातीं घेतो.

आमच्या शाळेंत हाच प्रश्न घंटेचा होता. शिपाई आला नाहीं म्हणून एके दिवशीं मधली सुटी झालीच नाहीं. दुसरा शिपाई नेमला. तों ‘तो वाजवील’ या भरंवशावर दोघेही स्वस्थ! पुढें एकदां दोघांनींही आपापल्या घड्याळाप्रमाणें वाजविली. अखेर निर्णय तिसऱ्याकडे सोंपविला, तेव्हां निभावलें. संगणकांचेंही असेंच आहे. दोहोंमधील वाट तुटली, तर पहिला गेला असें समजून दुसरा धनी बनतो, आणि पहिला तर धनी असतोच. म्हणून तिसरा साक्षी ठेवून बहुमतानें धनी ठरवितात. शिवाय दोन्ही यंत्रें एकाच वीजतारेवर असतील, तर तीं एका समईच्या दोन वाती होत. तेल संपलें कीं दोन्ही विझणार.

सप्टेंबर २०२५ मध्यें सिंदफणेचा पूर आपल्या बीड जिल्ह्यानें पाहिला. अशा रात्रीं गांवची वीज जाऊन मनोरा मुका झाला, तर दूरचीं शंभर यंत्रें जागीं असून काय उपयोग? शेवटची कडी आपल्या घरांतच आहे. एक फोन चालू स्थितींत उशाशीं असावा, दुसरा निराळ्या कंपनीचा असावा, आणि नदीकांठच्या शेजाऱ्यांस कोणीं उठवावयाचें हें नांवानिशीं ठरलेलें असावें. महिन्यांतून एकदां त्याची परीक्षाही घ्यावी; परीक्षा न झालेल्या साधनावर भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

आमच्या घरीं हें काम थोरल्या नातवाकडे आहे. आणि तो झोपी गेला तर कोणाकडे, हेंही ठरलेलें आहे.