पाणी की पानी?

मुलांच्या हुशारीचे कौतुक आईबापांनी नाही करायचे, तर कोणी? आमची चिमी चौथ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचू लागली, तेव्हा मी ते यथासांग केले. घरी पाहुणा आला की चहाबरोबर चिमीचे वाचन ठरलेलेच. बिचाऱ्या पाहुण्याला चहा गार होईपर्यंत 'वा, वा' करावे लागे. सौ. म्हणायची, "अहो, पुरे करा. पोर आहे ती, रेडिओ नव्हे!" पण ऐकतो कोण?

आता चिमी सात वर्षांची आहे, दुसरीत जाते. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात तिच्या पोटात दुखू लागले. दुखणे मोठे शिस्तीचे. सोमवारी सकाळी यायचे आणि शनिवारी शाळा सुटली की जायचे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली आणि आम्हालाच विचारले, "शाळेत काही झाले आहे का?"

चिमी काही सांगेना. एका रात्री मात्र झोपताना आईला म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी बाके मोजते. सत्तावीस आहेत." सौ.चे डोळे भरून आले. पोरीशी खेळायला कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. रागावूनच गेलो, हे कबूल करतो. म्हणालो, "बाई, हुशार मुलीचा बाकीच्यांना हेवा वाटतो, त्याला आम्ही काय करावे?" बाई वयाने माझ्याहून लहान, पण त्यांनी मला दुसरीतल्या पोरासारखे शांतपणे बसवून घेतले. "सर, हेवा नाही. चिमी सगळ्यांच्या चुका काढते. परवा शेजारची मुलगी 'पानी पिऊन येते' म्हणाली, तर चिमीने भर वर्गात सुनावले, 'पानी नाही, पाणी! आधी बोलायला शिक.' ती मुलगी दिवसभर गप्प होती. तेव्हापासून चिमीशी कोणी बोलत नाही."

'आधी बोलायला शिक.' वाक्य ओळखीचे वाटले. का वाटू नये? ते माझेच होते. टीव्हीवरचे निवेदक, दुकानांच्या पाट्या, दारावरचा भाजीवाला, सर्वांचे मराठी मी घरबसल्या तपासत असतो. कॉलेजात मात्र १९५२ साली पुस्तकरूपाने आलेली बहिणाबाईंची गाणी शिकवताना बोलीचा गोडवा तासभर वर्णन करतो. 'पाणी'चा मूळ संस्कृत शब्द 'पानीय', त्यात 'न'च आहे, हेही मला ठाऊक! पण ही विद्वत्ता मी घरात शिरताना चपलांबरोबर बाहेर ठेवत असे.

अशी चिमी किंवा असा बंडू तुमच्याही घरी असेल, म्हणून पुढचे सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी असामान्य बुद्धीच्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला; त्यांचे पुस्तक त्यांच्या मागे १९४२ साली निघाले. ही मुले खेळाचीही मोठी योजना आखतात, ती सोबत्यांना पटत नाही आणि खेळ मोडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रत्येक वेळी तो गर्वच असतो असे नाही. बुद्धी पुढे धावते, मन आपल्या वयाच्याच चालीने चालते. दुसरे स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे. हे विद्वान गृहस्थ पोरांकडून गोट्यांच्या खेळाचे नियम शिकायला बसत. १९३२ सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवले, की नियम सर्वांनी मिळून ठरवायचे असतात ही समज बरोबरीच्यांत खेळता खेळता येते. आमच्या चिमीचे सारे शिक्षण मोठ्यांत झालेले. मोठी माणसे 'वा, वा' करतात. सवंगडी सरळ बाद करतात!

त्या रात्री मी तिला जवळ घेऊन सांगितले, "चूक तुझ्याआधी माझी आहे."

"मग 'पानी' बरोबर?"

"तिच्या घरी बरोबर."

"आणि वहीत?"

"वहीत 'पाणी' लिही. पण बोलणाऱ्या माणसाला वही समजू नये."

दुसऱ्या दिवशी चिमी तिला "माझे चुकले" म्हणाली. ती मुलगी काहीच बोलली नाही. हेही बरेच झाले. माफी मागितली की लगेच मिळते, असा चिमीचा समज होता.

पुढची वाट बाईंनी काढली. ती मुलगी सागरगोट्यांत पटाईत. बाईंनी चिमीला बजावले, "हिच्याकडून शिकायचे, हिला शिकवायचे नाही." पहिले आठ दिवस चिमीने वर उडवलेला गोटा एकदाही हातात आला नाही. घरी येऊन रडे, पण पोटदुखी थांबली.

आमच्या अनुभवातून एवढेच सांगेन. एकट्या मुलाला एकदम घोळक्यात ढकलू नये. एकच सोबती पाहावा, तासभर घरी बोलवावा आणि दोघांच्या हाताला काही काम द्यावे. भांडण झाले तर लगेच पंच होऊ नये. पाहुण्यांपुढचे प्रयोग बंद करावेत. मात्र हुशारीही दाबू नये. तिला पुस्तके, कोडी हवीतच. आणि मूल महिनोन्महिने मिटलेलेच राहिले, तर तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

दिवाळीला अवकाश आहे, पण किल्ल्याची माती परवाच अंगणात येऊन पडली. चिमीने कागदावर नकाशा काढला होता. मैत्रिणीने तो पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आधी दगड रचायचे, मग गोणपाट." दोघींची थोडी बाचाबाची झाली. मी खिडकीतच उभा राहिलो. थोड्या वेळाने दगड रचले गेले आणि बुरूज नकाशाप्रमाणे निघाले.

तेवढ्यात मैत्रीण ओरडली, "चिमे, पानी आन!"

माझ्या तोंडात 'ण' आला होता, तो गिळला. चिमी बादली घेऊन नळाकडे पळाली.