गोल करणारे आणि गोल वाचविणारे

फुटबॉलचा सामना संपला की प्रेक्षक कोणाला खांद्यावर घेतात? ज्याने गोल केला त्याला. सारा वेळ चिखलात लोळून प्रतिपक्षाच्या पायांतला चेंडू काढून घेणारा बचावपटू एका बाजूला मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडत बसलेला असतो. यात त्याच्यावर अन्याय होतो हे खरेच. परंतु त्यामुळे खेळाविषयीची आपली समजूतही एकांगी बनते. अजिंक्यपद आक्रमणाने मिळते की बचावाने, हा वाद जुना आहे. माझे मत असे की, एखादा सामना आक्रमणाच्या जोरावर जिंकता येईल. स्पर्धा जिंकावयाची तर आधी बचाव पक्का हवा.

कबड्डीत पकड केली की गुण मिळतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे बळी धावफलकावर लागतात. फुटबॉलमध्ये मात्र वाचविलेला गोल कोठेच नोंदला जात नाही. वास्तविक ज्या खेळात दीड तासात दोन-तीन गोल झाले तरी पुष्कळ, तेथे एक गोल वाचविणे हे जवळजवळ एक गोल करण्याइतकेच मोलाचे असते.

इतिहास काय सांगतो पाहा. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेत हंगेरीने पाच सामन्यांत २७ गोल केले. पुष्काश आणि कोचिश यांचा तो संघ चार वर्षे हरला नव्हता. अंतिम सामन्यात पहिल्या आठ मिनिटांतच त्याने पश्चिम जर्मनीविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेतली आणि अखेर तो २–३ असा हरला. याच जर्मनीला त्याने साखळीत ८–३ असे धुऊन काढले होते! १९८२ मध्ये ब्राझीलला इटलीशी केवळ बरोबरी पुरेशी होती. दोनदा मागे पडून ब्राझीलने २–२ अशी बरोबरी साधलीही. परंतु तेव्हाही सामना राखण्याचे भान त्या कलावंतांना राहिले नाही. पावलो रॉसीने तिसरा गोल केला आणि झिको-सॉक्रेटिसचा तो देखणा संघ घरी गेला. याउलट १९९८ मध्ये फ्रान्स, २००६ मध्ये इटली आणि २०१० मध्ये स्पेन या तिन्ही विजेत्यांनी सात सामन्यांत प्रत्येकी फक्त दोन गोल होऊ दिले. स्पेनने तर संपूर्ण स्पर्धेत अवघे आठ गोल केले आणि बाद फेरीतले चारही सामने १–० असे जिंकले.

असे का व्हावे? आक्रमण हे पुष्कळ अंशी स्फूर्तीवर चालते आणि स्फूर्ती काही रोज येत नाही. बचाव शिस्तीवर, सरावावर आणि एकमेकांच्या जागा ओळखण्यावर चालतो. सात सामन्यांत एखादा दिवस असा उगवतोच की, आघाडीच्या खेळाडूंचे काही म्हणजे काही जमत नाही. त्या दिवशी संघाला स्पर्धेत टिकवून धरतो तो बचाव.

यावर कोणी म्हणेल, मग अकराही जण गोलापुढे उभे करा! हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्वित्झर्लंडने दिले आहे. २००६ च्या विश्वचषकात त्या संघाने चार सामन्यांत खेळ चालू असता एकही गोल होऊ दिला नाही. तरीही युक्रेनशी ०–० अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टी किकांवर तो बाद झाला. नुसती भिंत बांधून घर होत नाही. साखळी स्पर्धेत तर विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण असल्यामुळे तीन बरोबऱ्यांची किंमत एका विजयाएवढीच होते. तेथे धाडसाला अधिक मोल येते. म्हणूनच बचाव पुरेसा आहे असे माझे म्हणणे नाही. तो पहिला आहे, एवढेच म्हणणे आहे.

आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०–२ असा हरला होता. पुढे बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळविले. त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि त्याच दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून भारताने सुवर्णपदक मिळविले. गोल कसा रोखला जातो हे ज्याला ठाऊक, त्याला तो कसा करावा हेही कळते, असे मला यातून वाटते.

आणि आपल्याकडे? संघनिवडीच्या दिवशी जो तो आघाडीला खेळावयास उत्सुक! ज्याचा पाय जरा जड, त्याला मागे उभे करावयाचे, ही आपली रीत. म्हणजे सर्वांत जबाबदारीची जागा आपण उरलेल्यांना वाटतो आणि मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्या फेरीतच परत येतो. क्रीडाविभागाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षी संघ निवडताना प्रथम गोलरक्षक आणि बचावफळी निवडावी, आघाडी नंतर. आणि स्नेहसंमेलनात सर्वाधिक गोल करणाऱ्याला जो चषक देतात, त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीचा दुसरा चषक उत्कृष्ट बचावपटूसाठी ठेवावा. निदान त्या लोभाने तरी चार चांगले खेळाडू मागे उभे राहावयास तयार होतील.