रंगभवन बंद आहे, आपलं ऑडिटोरियम तर उघडं आहे!

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मोठ्या मनाने माफ करा. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण ही गोष्ट मला गिरगावात कळली, म्हणून मराठीत.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. माळा साफ करताना कॅसेटचा एक खोका निघाला. भीमसेन, वसंतराव, पु.लं.ची कथाकथनं आणि मधेच 'रॉक अँड रोल रेनेगेड'! बँडचं नाव रॉक मशीन. माझा मामा म्हणजे बँकेतला साधा माणूस, गणपतीत झांजा वाजवणारा. मी विचारलं, "मामा, हे तुझं?"

"मग काय तुझ्या आजोबांचं? ठाकुरद्वारहून चालत जायचो आम्ही रंगभवनला!"

रंगभवन म्हणजे धोबी तलावचं, झेवियर्स कॉलेजजवळचं खुलं नाट्यगृह. रॉक ही बांद्र्याच्या मुलांची मक्तेदारी, असं मी आजवर धरून चालले होते. आणि इथे माझा मामा 'इंडिपेंडन्स रॉक'मध्ये घसा बसेपर्यंत ओरडून आलेला!

हॉस्टेलवर परत आल्यावर सबमिशन बाजूला ठेवून हा बँड शोधून काढला. रॉक मशीन १९८४ साली मुंबईत सुरू झाला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर. आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवायचे, त्या काळात यांनी स्वतःची गाणी रचली. १९८८ मध्ये 'रेनेगेड', १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. पुढे १९९३ मध्ये, ऐन प्रसिद्धीत असताना, नावच बदलून इंडस क्रीड केलं. १९९७ मध्ये बँड फुटला. २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला.

मला खरं वेड लावलं ते या 'इव्हॉल्व्ह'ने. गाणी आठच, पण मामाच्या कॅसेटमधल्या गाण्यांशी त्यांचं नातं लांबचं. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे काय? तर कडवं-धृपद-कडवं हा ठरलेला साचा सोडायचा, वाद्यांना मोकळं रान द्यायचं, हवी तिथे लय बदलायची. पिंक फ्लॉइडचं १९७३ सालचं 'मनी' बरंचसं सात मात्रांत आहे, हे माहीत होतं? सात मात्रा म्हणजे आपला रूपक! 'इव्हॉल्व्ह'चं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं, ज्यांनी पोर्क्युपाइन ट्रीचा 'इन अब्सेन्शिया' मिक्स केला होता. प्रोग्रेसिव्हवाल्यांना एवढी ओळख पुरे.

मोठ्या उत्साहाने मामाला ऐकवला. दोन गाण्यांतच त्याने हेडफोन काढले. "हे आमचं रॉक मशीन नव्हे गं." खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मलाही डोक्यावरून गेला होता. तिसऱ्यांदा, रात्री मेसच्या पायऱ्यांवर बसून, मधे एकही गाणं न गाळता ऐकला, तेव्हा कुठे पटला. मामाच्या तोंडावर नाही म्हणाले, पण इथे लिहिते: तेरा वर्षांनी परत येऊन तीच जुनी हिट गाणी वाजवली असती तर टाळ्या आयत्या मिळाल्या असत्या. त्यांनी तो सोपा रस्ता घेतला नाही, म्हणून मला ते मोठे वाटतात.

हे सगळं आत्ताच का सांगतेय? कारण आमच्या हॉस्टेलच्या बँडने यंदा फेस्टसाठी स्वतःची एक रचना बसवली होती. सात मिनिटांची, सात मात्रांची. ऑडिशनला उत्तर मिळालं, "छान आहे, पण पब्लिक नाचणार कशावर? त्यापेक्षा एखादं कव्हर वाजवा." आम्ही कव्हर वाजवलं. टाळ्याही पडल्या. त्या रात्री आमच्यातलं कोणी फारसं बोललं नाही.

समितीचंही मला कळतं. स्पॉन्सर आणायचे, गर्दी जमवायची, हे काही खायचं काम नाही. पण 'पब्लिकला झेपणार नाही' हे पब्लिकला न विचारताच कसं ठरतं? नंदू भेंडे १९७४ मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास होते. तोच रॉकचा आवाज १९७८ मध्ये पु.लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी रंगमंचावर आला, आणि मराठी प्रेक्षकांनी तो ऐकला. ते काही आपल्यापेक्षा जास्त 'कूल' होते असं नाही. त्यांच्यासमोर कोणीतरी ते सादर केलं, एवढंच.

शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफिली केव्हाच थांबल्या. शेजारी हॉस्पिटलं आहेत, त्यामुळे नियमाशी माझं भांडण नाही. पण नवख्यांनी स्वतःचं काही वाजवायचं तर कुठे? हॉल भाड्याने घेण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत, मेसचं बिल भरतानाच नाकी नऊ येतात. उरतं आपलं ऑडिटोरियम. तेही कव्हर आणि डीजेलाच दिलं, तर उद्याचे रॉक मशीन काय पार्किंगमध्ये वाजवणार?

म्हणून समितीला आणि सरांना एकच विनंती: पुढच्या फेस्टमध्ये वीस मिनिटं फक्त स्वतःच्या रचनांसाठी ठेवा. डीजेच्या आधीची, दुपारची, कुठलीही चालतील. आणि मित्रांनो, तुम्हीही ती वीस मिनिटं कँटीनला पळू नका. आवडलं नाही तर हूटिंग करा, पण पूर्ण ऐकून मग.

मामाला बोलावणारच आहे. हेडफोन नसतील, त्यामुळे काढताही येणार नाहीत!