अंथरूण वाढते, पाय कधी पसरायचे?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपल्या घरात आजी सांगते. शेजारची अज्जी ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणते. मराठीतले भांडवल तेच कन्नडातले बंडवाळ. दोन्ही भाषांचे शहाणपण एकच आहे. पण धंद्यात एक अडचण येते. तिथे अंथरुणाची लांबी कायम एकच राहत नाही. धंद्याचे वय वाढते तसा पैशाचा मार्गही बदलावा लागतो. हे समजायला दूर जायला नको, किर्लोस्करांचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात सुरू होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली गुर्लहोसूरला जन्मले. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. भांडवल म्हणजे नोकरीतली शिल्लक आणि भाऊ रामुअण्णांचे कष्ट. नव्या धंद्यात उद्याची विक्री कोणालाच ठाऊक नसते, म्हणून या वयात घरचा पैसाच बरा. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला 2 वर्षे लागली असे सांगतात. दरमहा हप्ता भरायचा असता तर कारखाना तिथेच मिटला असता!

नगरपालिकेला जागा हवी झाली, तेव्हा बेळगाव सोडावे लागले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरानाची जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. माल तयार होता, कसब होते, फक्त जागा नव्हती. कर्ज इथे शोभते, कारण ते उभ्या धंद्याला टेकू देते.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. भागभांडवलाला हप्ता नसतो. नफा झाला तर लाभांश, नाही तर नाही. मात्र बदल्यात मालकीचा वाटा द्यावा लागतो आणि हिशेब चार लोकांपुढे मांडावा लागतो. पुढे 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, 1946 मध्ये पुण्याला ऑईल इंजिन्स आणि बंगळूरला इलेक्ट्रिक कंपनी निघाली. प्रत्येक कामाला वेगळी कंपनी, वेगळे भांडवल. एक बुडाली तरी बाकीच्यांना तिने ओढून नेऊ नये, हा त्याचा फायदा. हरिहरची कंपनी पुढे बंद पडली, पण बाकीच्या टिकल्या.

शेवटचा निर्णय वाटणीचा. किर्लोस्कर कुटुंबात 2009 साली करार झाला, तरी वाद न्यायालयात गेला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीने मिटवता येते का ते पाहा, असे सुचवले. पहिल्या पिढीत दोन भावांचा शब्द पुरतो, चौथ्या पिढीत लेखी करारही अपुरा पडू शकतो.

आता आपल्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपकडे वळू. सर्वात महागात पडणारी चूक अशी : बँकेने कॅश क्रेडिट दिलेले असते कच्च्या मालासाठी आणि उधारीसाठी, आपण त्यातून 20 लाखांचे मशीन घेतो. मशीनचा पैसा सुटायला 5-7 वर्षे लागतात आणि बँक मर्यादेचा आढावा दरवर्षी घेते. मशीन चालू असते, ऑर्डरी असतात, पण पगाराला पैसे नसतात. धंदा तोट्याने नव्हे, रोकड आटल्याने बसतो. मशीनला मुदतीचे कर्ज, मालाला कॅश क्रेडिट आणि नव्या प्रयोगाला स्वतःची शिल्लक, एवढी विभागणी पाळली तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट घरातली. धंदा जुना झाला, नफा स्थिर झाला की सगळा पैसा त्यातच कोंबू नये. थोडा घराच्या नावे बाहेर काढावा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. कर्नाटकाने हा कायदा 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये केला. मग वर्कशॉप कोण चालवणार आणि वाटा कोणाला कसा मिळणार, हे वडील हयात असतानाच कागदावर यावे. जेवणाच्या ताटावर हा विषय निघाला तर कोणी रागावू नये. मराठीत बोला की कन्नडात, पण एकदा बोला.