सूर्य पाठीशी कशाला?

‘सूर्य पाठीशी ठेवा, मग बटण दाबा.’ फोटो काढायला शिकलेल्या बहुतेकांनी हा उपदेश ऐकलेला आहे. समोरून ऊन आले की फ्लेअर येणार आणि फोटो वाया जाणार, हे त्यामागचे भय. मुंबईत गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव-दादरच्या वाळूवर तरी मला तो उपदेश मान्य नाही.

तो अगदीच निराधार होता, असे नाही. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो. लेन्समध्ये टोलवला गेलेला हा प्रकाश फोटोवर पांढुरका पडदा धरतो, नाहीतर ठिपक्यांची माळ सोडतो; हाच फ्लेअर. पण 1935 साली झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या थराची पद्धत काढली आणि पुढे ते थर सुधारत गेले. 15 सुट्या भिंगांच्या झूमला 30 पृष्ठभाग. थर नसता तर जेमतेम 30 टक्के प्रकाश सरळ पार झाला असता. दर पृष्ठभागाचे परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आले की 86 टक्के होतो. नियमाचे कारण बरेचसे गेले, नियम तेवढा उरला.

शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. लालबागचा राजा सकाळी गिरगावला पोहोचतो, तेव्हा पाण्याकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आपसूकच असतो. संध्याकाळी दादर चौपाटीवर मूर्ती लाटांकडे निघाल्यावर काय करणार? नियम पाळायचा तर समुद्रात उभे राहावे लागेल! आणि उडालेला गुलाल पेटल्यासारखा दिसतो तो समोरच्या उन्हातच.

दुसरा पक्ष म्हणतो, फिल्टर लावा, अ‍ॅपर्चर लहान करा. फिल्टर म्हणजे आणखी दोन सपाट पृष्ठभाग. त्याने ठिपके वाढतात. अ‍ॅपर्चर लहान केले की सूर्याभोवती चांदणी उमटते, ठिपके मात्र जात नाहीत, उलट रेखीव होतात. लेन्सवर सावली धरणाऱ्या हुडचा उपयोग सूर्य चौकटीबाहेर असेपर्यंतच.

तिसरा पक्ष फ्लेअरलाच कला म्हणतो आणि नसला तर अ‍ॅपमधून चिकटवतो. बाप्पाच्या डोळ्यांवर हिरवा ठिपका बसला, तर ती कला कसली?

मग करावे काय? आधी काच पुसा. चौपाटीवरचा खारा दमटपणा आणि फोनवरचा बोटांचा तेलकटपणा निम्मा पडदा धरतात. सूर्य चौकटीबाहेर असेल तर तळहाताची सावली लेन्सवर धरा. चौकटीत असेल तर तो मूर्तीच्या उंच हाताआड किंवा प्रभावळीमागे जाईल असे दोन पावले सरका; कडा सोन्यासारखी उजळते. ठिपक्यांची माळ सूर्यापासून चौकटीच्या मध्यातून पलीकडे जाते, म्हणून कॅमेरा किंचित वळवला तरी ती चेहऱ्यावरून हटते. गिरगावात तर मलबार हिल मदतीला आहे: सूर्य टेकडीच्या झाडांआड जाईपर्यंत थांबा. एक पथ्य मात्र कडक पाळा. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः लांब पल्ल्याच्या लेन्सने, थेट सूर्याकडे पाहू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

येत्या अनंत चतुर्दशीला खिशात एक धुतलेला सुती रुमाल ठेवा आणि मावळतीकडे तोंड करून निर्धास्त उभे राहा.