पेला कोणाचा, ज्वारी कोणाची?



पिणाऱ्याला निमित्त कधी कमी पडत नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर आहेच. कापसाचा चुकारा मिळाला तर आनंदाने, अडकला तर दुःखाने. पोराचे बारसे, पोरीचे लग्न, सोयऱ्याचा मान, मित्राचा रुसवा. निवडणूक लागली तर निमित्त उमेदवारच घरपोच आणून देतो. शहरातल्या मंडळींचेही तेच आहे, फक्त तिथे पेल्याला पेला लावून 'चीअर्स' म्हणतात, उन्हाळ्यात थंड बिअर असते आणि चार बाटल्यांची मिसळ करून तिला कॉकटेल म्हणतात. आपल्याकडे मिसळीबरोबर तर्री येते, तिथे लिंबाची फोड येते. चकणा दोन्हीकडे सारखाच.

शेतकरी संघटनेच्या अंकात दारूचा विषय कशाला, असे काही भाऊ विचारतील. उत्तर सोपे आहे. दारूत ज्वारी आली, म्हणून दारू अंकात आली. बाकी प्यावे की न प्यावे, किती प्यावे, यावर कीर्तन करायला आम्ही बसलेलो नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले काही संध्याकाळी कुठे भेटतात तेही गावाला ठाऊक असते. आम्हाला हिशेब मांडायचा आहे.

आधी सरकारचा विनोद ऐका. महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार ज्या कायद्याखाली चालतो त्याचे नाव आहे दारूबंदी अधिनियम, 1949. म्हणजे बंदीच्या कायद्याखाली विक्री चालते आणि त्या विक्रीवर तिजोरी भरते. कायद्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना पाहिजे. एक दिवसाचा परवाना देशीसाठी 2 रुपये आणि विदेशीसाठी 5 रुपये, असा दर वर्षानुवर्षे चालत आला. परवान्याच्या अर्जात माणूस लिहून देतो की आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठी आपल्याला मद्याची गरज आहे! राज्यात इतकी माणसे आरोग्याची इतकी काळजी घेतात, हे वाचून दवाखान्यांनी दारे बंद करायला हरकत नव्हती.

आता विनोद बाजूला ठेवू. 10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार आणला. ही दारू धान्यापासून करायची, महाराष्ट्रातल्याच उत्पादकाने करायची, आणि 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत 148 रुपये. या सगळ्या बदलांतून वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपये जास्तीचे मिळतील, असा सरकारचा अंदाज त्या वेळी जाहीर झाला.

धान्यापासून, हा शब्द आमच्या कानाला लागला. पाटी-पेन्सिल घ्या.

एक क्विंटल चांगल्या ज्वारीतून साधारण 35 ते 40 लिटर शुद्ध अल्कोहोल निघते. कमीचा आकडा धरू, 35 लिटर. 42.8 टक्के तीव्रतेच्या 180 मिलिलिटर बाटलीत अल्कोहोल असते सुमारे 77 मिलिलिटर. म्हणजे एका क्विंटलमधून साडेचारशे बाटल्या. 148 ने गुणले तर 66,600 रुपये. आणि 2025-26 च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला 3,699 रुपये. भागाकार करा. 148 रुपयांच्या बाटलीत ज्वारी बसली सव्वाआठ रुपयांची. तीही हमीभावाने घेतली तर! व्यापाऱ्याने माल काळा म्हणून ढकलला, तर त्याहून कमी.

उरलेले 140 रुपये कारखानदार एकटाच खातो, असे आम्ही म्हणत नाही. त्यात बाटली आहे, झाकण आहे, वाहतूक आहे, दुकानदार आहे आणि सर्वात मोठा घोट सरकारचा आहे. पण हे सगळे ज्याच्या दाण्यावर उभे आहे त्याचा वाटा रुपयात साडेपाच पैसे. पेरणी, निंदण, खत, रानडुकरे आणि पाखरे यांच्याशी झुंज, कापणी, मळणी, आणि दोन पावसांमधली झोप न येणारी रात्र, या सगळ्याचे साडेपाच पैसे.

हे नाटक नवे नाही. 2007 साली राज्याने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रोत्साहन योजना आणली. तेव्हा सांगितले गेले की पावसात काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, कारखाने ती घेतील, कोरडवाहू शेतकऱ्याचे भले होईल. योजनेला मोठा विरोध झाला. अन्नधान्याची दारू करता का, असा सवाल आला. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले, आणि शेतकऱ्याला भाव किती मिळणार हा आकडा मात्र कागदावर कोणीच बांधून दिला नाही.

काळ्या ज्वारीबद्दल शेतीशास्त्र काय म्हणते तेही पाहू. 1964 साली सीएसएच-1 हे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, पण लवकर पक्व होणाऱ्या या वाणांचे कणीस पाऊस संपायच्या आत भरू लागले. दाणा भरताना पाऊस आणि दमट हवा मिळाली की बुरशी चढते आणि दाणा काळवंडतो. भाकरी कडू, भाव पडलेला, माल कोंबडीखाद्यात नाहीतर मद्यार्काच्या कारखान्यात. खरीप ज्वारी सोडून आपला शेतकरी सोयाबीनकडे वळला त्याची अनेक कारणे आहेत, त्यातले हे एक मोठे. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, आणि कडब्यामागे गोठ्यातली जनावरेही कमी झाली. तेव्हा ज्वारीला नवे गिऱ्हाईक मिळत असेल तर आम्ही नाक मुरडणार नाही. गिऱ्हाईक देवासारखे आले पाहिजे, यमासारखे नव्हे, एवढेच.

गिऱ्हाईक आल्याने काय होते हे मक्याने दाखवले. 2023 च्या पावसाळ्यात इथेनॉलसाठी मिळणारा सरकारी तांदूळ बंद झाला, कारखाने मक्याकडे वळले आणि मक्याच्या बाजारात जीव आला. कारखान्याला कोणत्याही दाण्याचे प्रेम नसते. स्वस्त पिठूळ दाणा मिळाला की झाले. ज्वारी त्या रांगेत उभी राहील की तांदळाची कणी आणि मकाच पुढे जाईल, हे धोरणात काय लिहिले आहे त्यावर ठरते.

बिअरचे तर आणखी मजेदार आहे. वाळूजच्या पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत. बिअर होते जवाच्या माल्टपासून आणि जव प्रामुख्याने राजस्थानकडचा. मराठवाड्याचे त्यात काय? पाणी! 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. दाणा राजस्थानचा, पाणी आमचे, पेला मुंबईचा. आणि देशीच्या दुकानात 'संत्रा' मागितली तर मिळते ती बहुधा उसाच्या मळीची. नागपूरच्या संत्रेवाल्याच्या वाट्याला नुसता नावाचा मान.

ज्वारीची बिअर होत नाही का? होते, आणि हजारो वर्षे होत आली आहे. ज्वारीचे माहेर आफ्रिका. तिथे ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून, भरडून आंबट पेय करतात, ते घरोघरी बाया करतात. आपल्या आंबिलीची ती जरा उनाड बहीण समजा. नायजेरियाने 1988 साली परदेशी जवाच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना झक मारत ज्वारी-मक्याची बिअर शिकावी लागली, आणि ते शिकले. युगांडात 2002 साली ज्वारीची बिअर बाजारात आली. तिथे सरकारने अशी सोय केली की बिअर देशातल्या ज्वारीची असेल तर कर कमी. एपुरिपुर नावाच्या वाणाची ज्वारी शेतकऱ्यांकडून घेतली जाऊ लागली. कराची सवलत पिकाला बांधली, त्यामुळे तिचा काही अंश शेतापर्यंत पोचला. आमच्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे.

त्याच आफ्रिकेतली दुसरी गोष्टही विसरू नका. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात 1908 साली कायदा झाला आणि डर्बनच्या नगरपालिकेने ज्वारीच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला. घरी बिअर करणाऱ्या बाया गुन्हेगार ठरल्या. पालिकेने स्वतःचे गुत्ते उघडले आणि त्या नफ्यातून काळ्या मजुरांना वेगळे ठेवण्याच्या कारभाराचा खर्च भागवला. म्हणजे ज्याची ज्वारी, ज्याचा पेला, त्याच्याच पैशात त्याची बेडी! 1929 साली त्या गुत्त्यांवर बहिष्कार पडला. 1959 साली केटो मॅनर वस्तीतल्या बाया काठ्या घेऊन गुत्त्यांत शिरल्या. त्यांच्या रागात दोन गोष्टी एकत्र होत्या. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जात होती, आणि स्वतःचा धंदा सरकारने हिसकावला होता.

आमच्या सभांत मायबहिणी पहिली गोष्ट उठून सांगतात आणि त्यांचे खरे आहे. कापसाचा चुकारा घरी यायच्या आधी वाटेतच अर्धा होतो, हे दुःख बाटलीवरच्या करापेक्षा मोठे आहे. वर्ध्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे; चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठली. बंदीने दारू थांबली की तिचा रस्ता बदलला, यावर तिन्ही जिल्ह्यांत वाद घालता येईल. पण एक हत्यार सगळ्या जिल्ह्यांत आहे. 2008 च्या नियमाप्रमाणे गावातल्या बायांना मतदानाची मागणी करता येते, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. हे हत्यार बोथट करण्याचा कोणताही प्रयत्न झाला तर संघटना बायांच्या बाजूने उभी राहील. ज्वारीला गिऱ्हाईक पाहिजे म्हणून घरात भांडण विकत घ्यायचे, हा सौदा आम्हाला मान्य नाही.

मग आमचे म्हणणे काय? तीन मागण्या जिल्हा बैठकीपुढे ठेवतो.

पहिली मागणी. धान्याच्या दारूला जी काही करसवलत मिळते, ती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने किंवा त्यावर घेतलेल्या धान्याशी बांधा. कारखाना महाराष्ट्राचा ही अट पुरेशी नाही, दाणा कोणाचा हेही लिहा. कोणत्या कारखान्याने कोणत्या बाजार समितीत किती ज्वारी कोणत्या भावाने घेतली, ते दर महिन्याला फळ्यावर लागू द्या.

दुसरी मागणी. ज्वारीचा माल्ट करण्याचे स्वातंत्र्य आणि सोय शेतकऱ्यांच्या गटांना द्या. माल्ट म्हणजे दारू नव्हे, मोड आणून वाळवलेले धान्य. ते लहान मुलांच्या खाद्यातही जाते आणि बिअरच्या कारखान्यातही. जवाला मोड यायला थंड हवा लागते. ज्वारीला 25 ते 30 अंश मानवते, म्हणजे आपली हवा फुकटची कामगार आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काळ्या ज्वारीला नीट मोड येत नाही आणि बुरशीचे विष माल्टमध्ये उतरते, म्हणून दाणा स्वच्छ पाहिजे. आणि कोवळी ज्वारी खाऊन जनावर का दगावते ते आपल्याला ठाऊक आहे. तेच विष मोडातही असते, म्हणून वाळवल्यावर मोड चोळून काढून टाकावे लागतात. पुण्यात हॉटेलवाल्याला आपल्या दुकानात स्वतःची बिअर करायचा परवाना मिळतो, गोव्यात काजूची फेणी लहान भट्टीवाला गाळतो आणि 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मग ज्वारी पिकवणाऱ्यानेच प्रक्रियेपासून लांब का राहायचे?

तिसरी मागणी. असा कोणताही परवाना गावात यायचा असेल तर आधी महिलांच्या ग्रामसभेची संमती. आमच्या गटाचा परवाना असला तरी हीच अट. आमचा म्हणून त्याला सूट नाही.

यावर कोणी म्हणेल, संघटना दारूवाल्यांची झाली. म्हणू द्या. ऊस पिकवणाऱ्याने साखर खावी की नाही यावर त्याचा भाव ठरत नाही, मग ज्वारीवाल्याला तेवढा नीतीचा पाठ कशाला? हुरड्याला बोलावले तर शहरातला पाहुणा आनंदाने येतो, भाकरीचे कौतुक करतो, पेलाही उंचावतो. भावाचे नाव काढले की मात्र त्याला घरी जायची आठवण होते. ज्याला ज्या निमित्ताने पेला उंचवायचा आहे त्याने खुशाल उंचवावा. फक्त त्यातल्या दाण्याचे दाम घामाच्या हिशेबाने मोजून द्यावे.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने दोन आकडे आणावेत. गेल्या हंगामात आपली ज्वारी कोणत्या भावाने गेली, त्याची पावती. आणि आपल्या गावाजवळच्या दुकानात बाटली किती रुपयांना मिळते, तो भाव. दुसरा आकडा बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल, त्यांनी लाजू नये. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहू, भागाकार सगळ्यांसमोर करू, आणि ठराव त्यानंतर मांडू.