शाकाहारी घरातला मांसाहारी डबा



गेल्या अंकात ह्या सदरात थंडीत इडलीचे पीठ कसे फुगवावे ते लिहिले होते. त्यावर बऱ्याच मैत्रिणींचे फोन आले. त्यातल्या एकीने पिठाचे विचारून झाल्यावर हळूच विचारले, "तुमच्या फ्रीझरमध्ये कोंबडीचा कलेजी-पेटा असतो म्हणे! खरं का?" खरे आहे. बातमी मंडळात एवढी पसरलीच आहे, तर म्हटले आपणच सविस्तर सांगून टाकावे.

आमच्याकडे दोन फेरेट आहेत, म्हणजे होते. आता एकच आहे. फेरेट म्हणजे लांबोडका, केसाळ, लबाड डोळ्यांचा प्राणी. पाहणारा प्रत्येक मराठी माणूस "अय्या, मुंगूस!" म्हणतो, पण मुंगसाशी त्याचे नाते नाही. आपल्या कोकणातल्या खाडीत दिसणारा ऊद, तो ह्याचा भाऊबंद. युरोपात दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसाने तो सशांच्या बिळात सोडण्यासाठी पाळला. दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात मोजे पळवतो.

२०२१ साली लेकीच्या मैत्रिणीचे कुटुंब कॅलिफोर्नियाला निघाले. तिथे फेरेट पाळायला बंदी आहे. (हवाईतही आहे, आणि न्यूयॉर्क शहराने तर २०१५ साली फेरविचार करूनही ती उठवली नाही.) लेक रडवेली होऊन म्हणाली, "आई, थोडे दिवसच." थोडे दिवस म्हणजे किती, हे तुम्ही आईवडील जाणताच. नूडल आणि बीन पिंजऱ्यासकट आमच्या न्यू जर्सीच्या घरात आले.

दोन वर्षे ते दुकानातले कोरडे खाद्य खात होते, आणि मी त्या खोलीत फारशी जात नव्हते. मग २०२३ साल उजाडले. त्या वर्षी टेक कंपन्यांनी किती जणांना घरी बसवले ते आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. आमच्या ह्यांचीही नोकरी गेली. त्याच हिवाळ्यात सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणाऱ्या. "त्या मुंगसांना माझ्या खोलीत सोडू नका" एवढीच त्यांची अट.

एका सकाळी नूडल पिंजऱ्याच्या दाराशी निपचित पडलेला दिसला. तोंडातून लाळ, नजर शून्यात, मागचे पाय ओढत होता. लेक किंचाळली. मी फोन शोधत होते. सासूबाई चहाचा कप खाली ठेवून आल्या, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, ह्याची साखर उतरलीय! माझी उतरते तेव्हा मी अशीच बघते." वीस वर्षांचा मधुमेहाचा अनुभव! त्यांनीच बोटाला मध लावून त्याच्या हिरड्यांना चोळला. पाचेक मिनिटांत गडी मान उचलून बघू लागला.

डॉक्टरांनी रक्त तपासून तेच सांगितले. ह्या आजाराला इन्सुलिनोमा म्हणतात. स्वादुपिंडात गाठी होतात, त्या जास्तीचे इन्सुलिन सोडतात आणि साखर खाली येते; म्हणजे सासूबाईंच्या आजाराच्या बरोब्बर उलटे. मध फक्त अशा अडीअडचणीलाच, कारण गोड दिले की आणखी इन्सुलिन सुटते. शुद्धीवर आला की लगेच मांस खायला द्यायचे. अमेरिकेतल्या मध्यमवयीन फेरेटांमध्ये हा आजार फार दिसतो. कोरड्या खाद्यातल्या पिष्टामुळे तो होतो असे अनेकांना वाटते, पण ते सिद्ध झालेले नाही. एवढे मात्र नक्की की फेरेट हा अस्सल मांसाहारी आहे. त्याचे आतडे आखूड, खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर. धान्य, फळे, भाज्या पचवायची सोयच देवाने केलेली नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, थोडे थोडे, वरचेवर, आणि मांसच.

मांसच, पण आणायचे कुठून? तयार फ्रोझन कच्च्या मांसाचा पौंडाचा भाव पाहिला तर तो आमच्या पनीरच्या वरचढ. घरात पगार नाही. ह्यांनी एकदा दबक्या आवाजात म्हटले, "देऊन टाकू या का कुणाला?" लेक काही बोलली नाही, जेवणावरून उठून गेली. त्या रात्री मी हिशेबाची वही काढली.

दोघांचे मिळून वजन दोन किलोच्या आत. दिवसाला दोघांना मिळून साधारण १५० ग्रॅम मांस लागते. महिन्याचे साडेचार किलो, म्हणजे दहा पौंड. अमेरिकन लोक जे खात नाहीत ते स्वस्त मिळते, आणि नेमके तेच फेरेटाला हवे असते! चायनीज दुकानात कोंबडीची हृदये, पेटा, माना. हलाल दुकानात बोकडाचा गुर्दा. थँक्सगिव्हिंगनंतर उतरलेल्या भावात टर्की. मोठे पाकीट घ्यायचे आणि छोट्या डब्यांत वाटून फ्रीझ करायचे. आमचा महिन्याचा खर्च पंचवीस डॉलरच्या आत बसला.

प्रमाण सांभाळावे लागते. ढोबळ हिशेब असा: दहा पौंडांत आठ पौंड मांस (हृदय आणि पेटा ह्यातच धरायचे, हृदयात टॉरिन भरपूर, ते ह्यांना लागतेच), एक पौंड हाड, अर्धा पौंड कलेजी, अर्धा पौंड गुर्द्यासारखे दुसरे काही. नुसते मांस दिले तर कॅल्शियम कमी पडते. कलेजी जास्त झाली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. हाड कच्चेच द्यायचे, शिजलेल्या हाडाची टोके आतडे फाडतात. मिठाचे पाणी टोचलेली कोंबडी घ्यायची नाही, लेबल वाचावे. आणि आपल्या रश्शातले तुकडे अजिबात नाहीत, कांदा-लसूण त्यांना विषासारखे.

मी जन्मात मांसाला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी रबरी हातमोजे घालून, नाकाला ओढणी बांधून गराजमध्ये माना कापल्या. वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळा फ्रीझर. मांस ओट्यावर नाही, फ्रिजमध्येच वितळवायचे. नंतर सगळे गरम साबणाच्या पाण्याने धुवायचे. साल्मोनेला ही काही फक्त म्हणायची गोष्ट नाही, आणि घरात म्हातारे माणूस होते. आमच्या डॉक्टरांना तर कच्चे मांस मान्यच नव्हते. सरकारी आरोग्य खातेही ते देऊ नका असेच सांगते. हे मी लपवत नाही.

एक फजिती सांगते. फेरेटांना खाणे लपवून ठेवायची खोड असते. एका चतुर्थीला सासूबाई देव्हाऱ्यामागचा फुलवातींचा डबा काढायला गेल्या आणि त्यांच्या हाती लागले कोंबडीचे हृदय! त्या दिवशी घरात जे झाले ते लिहीत नाही. तेव्हापासून खाणे पिंजऱ्यातच, आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलायचे.

२०२४ च्या डिसेंबरात कच्च्या मांसाचे खाद्य खाऊन ओरेगनमध्ये एक मांजर बर्ड फ्लूने दगावल्याची बातमी आली. फेरेटाला आपला फ्लू होतो. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेटांच्याच मदतीने शोधला होता. फ्रीझरमध्ये हा विषाणू मरत नाही, शिजवल्यावर मरतो. मी त्याच आठवड्यात कच्ची कोंबडी बंद केली. आता हाड काढून मांस शिजवते, शिजवल्याचे पाणी फेकत नाही (टॉरिन त्यात उतरते), आणि हाडाऐवजी पौंडाला अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड घालते. चव बदलली की हे लोक रुसतात आणि फेरेटाला उपाशी ठेवून चालत नाही, म्हणून आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळले. तुमच्या घरी आजी किंवा तान्हे मूल असेल तर माझे मत विचाराल तर शिजवूनच द्या, आणि डॉक्टरांना विचारून.

ह्यांना २०२४ मध्ये नोकरी लागली. नूडल गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, गेला. साखर उतरलेल्या त्या सकाळीनंतर त्याला दीड वर्ष मिळाले, आणि ती सगळी गराजमधल्या त्या पाटावर कापलेली आहेत. लेक कॉलेजातून आली, मागच्या अंगणात हायड्रेंजियाखाली त्याला ठेवले.

सासूबाईंना फोनवर सांगितले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याला काय वाढलंस आज?" मी म्हटले, "टर्की." "शिजवलीस ना नीट?" म्हणाल्या.

पुढच्या अंकात निरुपद्रवी विषय घेऊ: अमेरिकन मैद्याच्या पुरणपोळ्या का फाटतात!